मेश नेटवर्कसाठी कमी विजेची वायरलेस चिप कशी निवडावी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेश म्हणजे एकमेकांचे निरोप पुढे पोचवणाऱ्या छोट्या वायरलेस उपकरणांचं जाळं. हे प्रश्न येतात ते प्रामुख्याने सोसायटीच्या पाण्याच्या टाक्या, पंप, जिन्यातले दिवे आणि मीटररूम यांसाठी उपकरणं बनवणाऱ्यांकडून. त्यात अंधेरी एमआयडीसीतले छोटे उत्पादक आहेत, शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी आहेत आणि अधूनमधून हातात कोटेशन घेऊन आलेले सोसायटीचे सेक्रेटरीही. उत्तरं मुंबईतल्या इमारती डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. मोकळ्या शेतातला हिशेब वेगळा असतो.

एका दमात सांगा, कोणती चिप घेऊ?

पहिलंच उपकरण असेल आणि थोड्या दिवसांत काहीतरी चालतं करून दाखवायचं असेल, तर नॉर्डिक कंपनीच्या एनआरएफ५२८४० चिपचं तयार मॉड्यूल (चिप, क्रिस्टल आणि अँटेना बसवलेला छोटा बोर्ड) घ्या. थ्रेड, झिगबी आणि ब्लूटूथ मेश या मेशच्या तिन्ही पद्धती त्यावर चालतात. १ एमबी फ्लॅश आहे, २५६ केबी रॅम आहे आणि तयार उदाहरणं भरपूर आहेत. तुम्ही जिथे अडाल तिथे आधी कुणीतरी अडून गेलेला सापडतोच.

हजार नग काढायचे असतील तर मात्र चिपचं नाव शेवटी येतं. आधी हे ठरवा: कोणत्या उपकरणाला चोवीस तास वीज मिळणार, कोणतं बॅटरीवर राहणार आणि दुसऱ्याचे निरोप पुढे पोचवण्याचं काम कुणाच्या गळ्यात पडणार. एवढं ठरलं की निम्म्या चिप्स आपोआप बाद होतात. पण लोक आधी डेटाशीट (चिपचं माहितीपत्रक) उघडतात, स्लीप करंटचा (चिप झोपेत ओढते त्या करंटचा) आकडा बघून चिप पक्की करतात आणि मग तिला काम शोधत बसतात. आधी कळस, मग पाया.

मेशच कशाला? घरोघरी वायफाय आहे की.

घरोघरी आहे, पण सोसायटीचं नाही. जिन्यात, गच्चीवर, पंपरूममध्ये कुणाचं वायफाय वापरणार? चौथ्या मजल्यावरच्या काकांनी पासवर्ड बदलला की टाकीचा सेन्सर मुका. शिवाय वायफायचा रेडिओ नुसता ऐकत बसला तरी शंभर मिलिअँपच्या आसपास ओढतो. ८०२.१५.४ (झिगबी आणि थ्रेडचं रेडिओ प्रमाण) किंवा ब्लूटूथ लो एनर्जीचा चांगला रेडिओ पाच-सहा मिलिअँपमध्ये ऐकतो.

तरी एकाच टाकीची पातळी दहा मिनिटांतून एकदा कळवायची असेल तर मेशच्या फंदात पडू नका. लोराचा (लांब पल्ल्याच्या, कमी विजेच्या रेडिओचा) एक ट्रान्समीटर आणि एक रिसीव्हर पुरे. मेश लागतं ते उपकरणं बरीच असतील, निरोप दोन्ही दिशांनी जायचे असतील आणि मधे इतके स्लॅब असतील की एका उडीत सिग्नल पोचत नाही, तेव्हा.

राउटरही बॅटरीवर चालवता येईल का?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. थोडक्यात: नाही.

मेशमधला राउटर म्हणजे दुसऱ्यांचे निरोप झेलून पुढे देणारा नोड, म्हणजे जाळ्यातलं एक उपकरण. निरोप कधी येईल हे त्याला माहीत नसतं, म्हणून त्याचा रिसीव्हर सतत चालू लागतो. पाच मिलिअँप धरा. दिवसाला १२० मिलिअँप-तास झाले. दोन चांगले एए अल्कलाइन सेल मालिकेत लावले तर क्षमता साधारण २५०० मिलिअँप-तास, म्हणजे वीस दिवस. याच्या निम्मा करंट ओढणारी चिप शोधून आणलीत तरी चाळीस दिवस. दर चाळीस दिवसांनी शिडी लावून सेल कोण बदलणार?

ब्लूटूथ मेशमध्ये राउटरला रिले म्हणतात, पण त्याचीही कथा तीच, त्याला कान उघडे ठेवावेच लागतात. अपवाद आहे तो वेळ जुळवून चालणाऱ्या मेशचा. टीएससीएच किंवा वायरपास अशा पद्धतींत सगळे नोड आधी ठरलेल्या क्षणी जागे होतात, बोलतात आणि परत झोपतात. तिथे बॅटरीवरचा राउटर खरोखर चालतो. मात्र त्याची किंमत निरोपाच्या उशिरात मोजावी लागते, आणि बोर्डावर ३२ किलोहर्ट्झचा चांगला क्रिस्टल लागतो. अंतर्गत आरसी ऑसिलेटरचं घड्याळ शेकडो पीपीएमने (दहा लाखांत शेकडो भाग) इकडेतिकडे होतं, मग प्रत्येक नोडला आधी उठून वाट बघत बसावं लागतं आणि वाचवलेली वीज तिथेच जाते.

थोडक्यात, राउटर विजेवर ठेवा. मीटररूम, लिफ्टची मशीनरूम, पंपाचं पॅनेल या जागा चांगल्या. जिन्यातल्या दिव्याच्या आत राउटर बसवायची कल्पना सगळ्यांनाच सुचते आणि ती बरीही आहे, पण वॉचमन रोज सकाळी जिन्याच्या दिव्यांचा मेन स्विच पाडतो. त्याबरोबर तुमचं मेशही झोपतं आणि संध्याकाळी उठतं. इलेक्ट्रिशियनला सांगून दिव्याला कायमचा फेज द्या आणि दिवा चालू-बंद करायचं काम विजेच्या रिले स्विचकडे सोपवा. एवढं जमत नसेल तर राउटर दुसरीकडे हलवा.

डेटाशीटमधला स्लीप करंट किती महत्त्वाचा?

वाटतो त्यापेक्षा बराच कमी. एक चिप झोपेत १ मायक्रोअँप घेते आणि दुसरी दीड. वर्षाचे ८७६० तास. फरक पडला सुमारे साडेचार मिलिअँप-तासांचा. सीआर२०३२ या नाण्याच्या आकाराच्या सेलची क्षमता २२० च्या आसपास असते, म्हणजे वर्षाला दोन टक्के.

आता दुसरीकडे बघा. बॅटरीवरचा थ्रेड किंवा झिगबी नोड ठरावीक वेळाने उठून आपल्या पालक राउटरला विचारतो, माझ्यासाठी काही आहे का? या एका विचारण्यात रेडिओ, क्रिस्टल स्थिरावण्याचा वेळ आणि प्रोसेसर धरून सहा मिलिअँप दहा मिलिसेकंद चालले असं समजू. ते झाले ६० मायक्रोकूलॉम. दर तीस सेकंदांनी विचारलं तर सरासरी २ मायक्रोअँप. दर सेकंदाला विचारलं तर ६०. त्यात झोपेतले २ मिळवले की पहिल्या नोडचा हिशेब ४ मायक्रोअँपचा होतो आणि कागदावर सेल सहा वर्षं टिकतो. दुसऱ्याचा ६२ चा होतो आणि सेल पाच महिन्यांत संपतो. चिप तीच, फर्मवेअरमधला एक आकडा बदलला.

म्हणून टाकीच्या सेन्सरला दर सेकंदाला उठवू नका. त्याला निरोप पाठवायचा असतो, घ्यायचा क्वचितच असतो. दाराच्या कुलपाचं मात्र उलट आहे, तिथे माणूस बाहेर उभा असतो.

हिशेबाने दोन वर्षं टिकायला हवी होती, बॅटरी महिन्यात संपली. चिप खराब आहे का?

चिप बहुधा निर्दोष आहे. पाणी दुसरीकडे मुरतंय. बोर्डावर ही तीन ठिकाणं बघा.

रेग्युलेटर. डेव्हलपमेंट बोर्डांवर सर्रास दिसणारा एएमएस१११७ काही काम नसताना स्वतःच पाच मिलिअँपच्या आसपास खातो. त्याच्यापुढे चिपचे दोन मायक्रोअँप म्हणजे काहीच नाही. कमी करंटचा रेग्युलेटर घ्या, किंवा चिपला चालत असेल तर रेग्युलेटर काढूनच टाका. त्याच बोर्डावरचा लाल पॉवर एलईडीही काढा, तो एक-दोन मिलिअँप फुकट जाळतो.

बॅटरी मोजायचा व्होल्टेज डिव्हायडर. दोन १०० किलोओमचे रेझिस्टर ३ व्होल्टवर कायम जोडलेले असले की १५ मायक्रोअँप गेले. मोजतानाच चालू होईल असा मॉस्फेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) लावा. बऱ्याच चिप्स स्वतःचा पुरवठा आतूनच मोजू शकतात, मग डिव्हायडरची गरजच नाही.

तिसरी गोष्ट खास आपल्याकडची. जूनपासून पुढे चार महिने हवेतला ओलावा आणि वरळी-वर्सोव्यासारख्या भागात वर्षभर असणारं मीठ. सोल्डरिंगनंतर फ्लक्स नीट धुतलं नसेल तर पावसाळ्यात दोन ट्रॅकमधला रोध एक मेगाओमपर्यंत उतरायला वेळ लागत नाही, आणि ३ व्होल्टला तेच ३ मायक्रोअँप होतात. बोर्ड धुवा, वाळवा, कोटिंग करा. फक्त कोटिंग अँटेनावर चढू देऊ नका, तिची फ्रिक्वेन्सी सरकते.

झिगबी, थ्रेड, ब्लूटूथ मेश. कशाने काय बिघडतं?

झिगबी आणि थ्रेड एकाच रेडिओवर चालतात: ८०२.१५.४, वेग २५० केबीपीएस, एक फ्रेम जास्तीत जास्त १२७ बाइटची. फरक वरच्या थरांत आहे. थ्रेडमध्ये प्रत्येक नोडला आयपीव्ही६ पत्ता मिळतो, त्यामुळे बॉर्डर राउटर (मेश आणि बाहेरचं नेटवर्क जोडणारं उपकरण) फक्त पाकिटं इकडून तिकडे करतो. झिगबीत गेटवेला भाषांतर करावं लागतं. थ्रेडच्या एका जाळ्यात एका वेळी ३२ पर्यंत राउटर सक्रिय राहतात, बाकीचे पात्र नोड गरज पडेपर्यंत मागे थांबतात. बावीस मजली टॉवरला हे पुरतं.

ब्लूटूथ मेश २०१७ मध्ये आलं. त्यात मूळ पद्धतीत मार्ग शोधत नाहीत. निरोप सगळीकडे पसरवला जातो आणि रिले तो पुन्हा पुन्हा बोलतात. दिव्यांचा समूह एकदम लावायला हे उत्तम. दर मिनिटाला शंभर सेन्सरचे आकडे गोळा करायला ते मला पटत नाही, हवेत गर्दी होते. एका अखंड निरोपात उपयोगाचे जेमतेम ११ बाइट मावतात, पुढे तुकडे करावे लागतात. मोबाइल फोन थेट बोलू शकतो ही त्याची खरी ताकद. बसवणारा मुलगा खिशातून फोन काढून नोड जोडतो, वेगळं यंत्र लागत नाही.

नवीन काम असेल तर मी थ्रेड घेईन. मॅटर या स्मार्ट उपकरणांच्या सामायिक मानकाचं पहिलं प्रमाण २०२२ मध्ये आलं आणि त्याने थ्रेडला आपला खालचा थर म्हणून घेतलं, त्यामुळे पुढची काही वर्षं आधार मिळत राहील असं दिसतं.

मग स्पर्धेत कोणत्या चिप्स आहेत?

नॉर्डिकचं वर सांगितलं. धाकटा एनआरएफ५२८३३ स्वस्त पडतो, त्यात ५१२ केबी फ्लॅश आणि १२८ केबी रॅम आहे आणि तो १०५ अंशांपर्यंत चालतो. गच्चीवर उन्हात तापणाऱ्या बंद डब्यासाठी ही बाब उपयोगी. नावात एक अक्षर इकडचं तिकडे झालं तर फसाल: एनआरएफ५२८३२ मध्ये ८०२.१५.४ नाही, म्हणजे थ्रेड आणि झिगबी विसरा.

सिलिकॉन लॅब्जची ईएफआर३२एमजी२४ झिगबीवाल्यांची आवडती. त्यांचा झिगबी स्टॅक (झिगबी चालवणारं तयार सॉफ्टवेअर) बाजारात मुरलेला आहे आणि काही प्रकार २० डीबीएमच्या (डीबीएम हे पाठवण्याच्या पॉवरचं माप) आसपास पाठवतात. विजेवरच्या राउटरसाठी छान. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची सीसी२६५२ मालिका, तिच्यातला पी प्रकारही २० डीबीएम देतो. पण आर प्रकारात फ्लॅश ३५२ केबीच आहे, मॅटरचं नाव काढलंत की तोकडी पडते. जुनी सीसी२५३० अजून स्वस्तात मिळते, पण ८०५१ गाभा, ८ केबी रॅम आणि ऐकताना २४ मिलिअँप. नव्या कामाला तिला हात लावू नका.

आमच्याकडे ईएसपी३२ चे बोर्ड पडून आहेत. तेच वापरू?

विजेवरच्या नोडना खुशाल वापरा. बॅटरीवर नको, पाठवताना वायफाय २०० मिलिअँपच्याही वर जातं.

त्याच घराण्यातली ईएसपी३२-एच२ मात्र वेगळी आहे. तिच्यात वायफाय नाही, ८०२.१५.४ आणि ब्लूटूथ लो एनर्जी आहे, आणि किंमतही बरी. ईएसपी३२-सी६ मध्ये वायफाय ६ सुद्धा आहे, म्हणून बॉर्डर राउटरसाठी ती सोयीची. झोपेतल्या करंटमध्ये नॉर्डिक पुढे आहे, पण वर केलेला हिशेब आठवा. दर पाच मिनिटांनी बोलणाऱ्या आणि दोन एए सेलवर चालणाऱ्या नोडला एच२ सहज परवडते.

एनआरएफ२४एल०१ इतकी स्वस्त आहे, तिनेच मेश केलं तर?

कॉलेजच्या प्रोजेक्टला करा, शिकायला मिळेल. विकायच्या मालात नको. ती नुसता रेडिओ आहे. प्रोसेसर वेगळा, स्टॅक हौशी लोकांनी लिहिलेला, ८०२.१५.४ शी तिचं जमत नाही, एन्क्रिप्शन तुमचं तुम्ही बघायचं. आणि मोकळ्या बाजारातल्या मॉड्यूलवर बऱ्याचदा नकली चिप असते, तिचा करंटही वेगळा आणि वागणूकही.

२.४ गिगाहर्ट्झ घ्यावं की ८६५ मेगाहर्ट्झ?

भारतात दोन्ही परवानामुक्त आहेत. ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा २००५ मध्ये खुला झाला, २०२१ मध्ये तो ८६८ पर्यंत वाढवला. १ वॉट ट्रान्समीटर पॉवर, ४ वॉट ईआरपी (अँटेना धरून बाहेर पडणारी प्रभावी पॉवर) आणि २०० किलोहर्ट्झ वाहक रुंदी अशी मर्यादा आहे. म्हणून लोरा वापरताना रुंदी १२५ किलोहर्ट्झ ठेवा.

तेवढ्याच पॉवरला ८६५ चा सिग्नल मोकळ्या जागेत साधारण ९ डेसिबलने सरस पोचतो, भिंतीतूनही जास्त जातो. बदल्यात अँटेना मोठी होते. पाव तरंगलांबी २.४ ला तीन सेंटिमीटर, तर ८६५ ला साडेआठच्या पुढे. हातात मावणाऱ्या चौकोनी डबीत ती नीट बसत नाही, मग लोक ती गुंडाळून कोंबतात आणि मिळालेले ९ डेसिबल तिथेच घालवतात.

एकाच इमारतीत, राउटर ठेवायला जागा असताना, मी २.४ घेईन. चिप्स जास्त, मॉड्यूल जास्त, फोनशी बोलता येतं. चार-पाच विंग्जचं मोठं संकुल असेल, मधे रस्ता, बाग, पार्किंग असेल, तर विंग ते विंग दुवा ८६५ वर करा. त्यासाठी सेमटेकची एसएक्स१२६२ चांगली: ऐकताना पाच मिलिअँपच्या आत, पाठवताना २२ डीबीएमपर्यंत.

परदेशी साइटवरून मागवताना ९१५ मेगाहर्ट्झचं मॉड्यूल गळ्यात पडणार नाही हे बघा. तो अमेरिकेचा पट्टा, ९०२ ते ९२८. आपल्याकडे ९१५ च्या खालचा भाग मोबाइल फोन टॉवरशी बोलायला वापरतात. तिथे घुसणं बेकायदा आहे, आणि तुमचं ऐकू येणंही कठीण.

पावसाळ्यात रेंज कमी होते का?

पावसाच्या थेंबांमुळे नाही. २.४ गिगाहर्ट्झला मुसळधार पावसातही किलोमीटरमागे डेसिबलचा दहावा भागही जात नाही. जातं ते ओल्या भिंतींत, शेवाळ धरलेल्या गच्चीवर, निळ्या ताडपत्रीवर साचलेल्या पाण्यात आणि डब्याच्या आत धरलेल्या दवात. अँटेनाच्या शेजारी पाण्याचा थर आला की तिची फ्रिक्वेन्सी सरकते. हिशेबात १०-१५ डेसिबलची उसंत ठेवा आणि चाचणी मे महिन्यात उरकून मोकळे होऊ नका.

शेजाऱ्यांच्या वायफायचा त्रास होईल?

होईल. चॅनेल नीट निवडलं तर कमी होईल. वायफाय साधारण १, ६ आणि ११ वर असतं. ८०२.१५.४ ची चॅनेल ११ ते २६, आणि त्यातली १५, २० ही वायफायच्या फटींत पडतात, २५ आणि २६ त्याच्या पलीकडे. मी २५ पासून सुरू करतो. २६ सगळ्यात मोकळं, पण तिथे काही मॉड्यूल पॉवर कमी करून पाठवतात, आणि ब्लूटूथच्या जाहिरातीचं एक चॅनेल नेमकं त्याच २४८० मेगाहर्ट्झवर आहे.

आणखी एक. बॉर्डर राउटर वायफाय राउटरला चिकटवून ठेवू नका. चॅनेल कितीही वेगळं असलं तरी एका वीतभर अंतरावरून समोरचा ओरडत असेल तर तुमच्या रिसीव्हरला कुजबुज ऐकू येत नाही. मीटरभर लांब सरकवा, यूएसबी एक्स्टेन्शन केबल लावा.

जमिनीखालच्या टाकीतला सेन्सर बोलतच नाही. जास्त पॉवरची चिप लावू?

नका लावू. पालिकेचं पाणी ठरल्या वेळेला येतं, खालच्या टाकीत पडतं, तिथून पंपाने गच्चीवर चढतं. म्हणजे सगळ्यात महत्त्वाचा सेन्सर सगळ्यात वाईट जागी: ओल्या काँक्रीटच्या खाली, वर बिडाचं झाकण. पाण्यात २.४ गिगाहर्ट्झ काही सेंटिमीटरांतच मरतं, आणि लोखंडी झाकणातून कुठलीच पॉवर जात नाही.

उपाय वायरचा आहे. सेन्सर टाकीत, रेडिओ बाहेर. कंड्युटमधून चार कोरची केबल वर आणा, केबलचं तोंड ग्लँडने बंद करा आणि डबी भिंतीवर छातीच्या उंचीला लावा. त्याहून खाली लावलीत तर गाड्या आड येतात. स्टिल्ट पार्किंगमध्ये हे हमखास होतं: दिवसा आकडे नीट येतात, रात्री गाड्या लागल्या की नोड गायब, सकाळी गाड्या ऑफिसला गेल्या की परत हजर. फर्मवेअर तपासत बसू नका, डबी वर सरकवा. सेन्सर अल्ट्रासॉनिक असेल तर त्याच्या तोंडावर दव धरतं आणि पातळी भलतीच दाखवतो. खालच्या टाकीला प्रेशरचा सेन्सर बरा.

सीआर२०३२ चालेल का?

चालेल, पण नोड गप्प स्वभावाचा हवा. हा सेल जुना झाला, गारठला की त्याचा अंतर्गत रोध शंभर ओमच्या घरात जातो. २.७ व्होल्टवर आलेल्या सेलमधून ८ मिलिअँप ओढलेत की ०.८ व्होल्ट आतच पडला, चिपला उरले १.९. थोडं आणखी ओढलंत तर ती रिसेट होते, उठते, नेटवर्क शोधायला पुन्हा रेडिओ चालू करते आणि पुन्हा पडते. शेजारी १०० मायक्रोफॅरडचा कमी गळतीचा कपॅसिटर लावा, पाठवण्याची पॉवर ० डीबीएमवर ठेवा. २० डीबीएमची स्वप्नं या सेलवर बघू नयेत.

लिथियम थायोनिल क्लोराइडचा ३.६ व्होल्टचा सेल वर्षानुवर्षं टिकतो, पण बराच काळ पडून राहिला की आत थर धरतो आणि पहिल्या झटक्याला व्होल्टेज खाली बसतं. त्याच्यासोबतही कपॅसिटर हवाच. जागा असेल तर दोन एए सेल. कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात आणि सेक्रेटरीही बदलू शकतात.

चिप घेऊ की मॉड्यूल? सरकारी मंजुरी लागते का?

काही हजार नगांपर्यंत मॉड्यूल. अँटेना, क्रिस्टल, मॅचिंगचं काम झालेलं असतं. चिप सुटी घेतली तर ते तुमच्या डोक्यावर, आणि त्यासाठी लागणारं नेटवर्क ॲनालायझर सगळ्यांकडे नसतं. मॉड्यूल घेऊनही लोक चूक करतात ती एकच: अँटेनाच्या खाली ग्राउंडचं तांबं सोडतात किंवा तिथेच बॅटरी आणून बसवतात. डेटाशीटमध्ये रिकामी सोडायला सांगितलेली जागा खरोखर रिकामी सोडा.

मंजुरी लागते. परवानामुक्त पट्ट्यातल्या उपकरणालाही दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची ईटीए (उपकरणाच्या प्रकाराची मंजुरी) लागते, आणि ती सरल संचार पोर्टलवर स्वयंघोषणेने काढता येते. सोबत प्रयोगशाळेचा चाचणी अहवाल द्यावा लागतो. मॉड्यूल घेताना विक्रेत्याकडे ईटीएची प्रत मागा. टाळाटाळ झाली तर दुसरा विक्रेता बघा. उपकरणावर ब्लूटूथ, थ्रेड किंवा मॅटरचं चिन्ह छापायचं असेल तर त्या त्या संस्थेचं सदस्यत्व आणि प्रमाणीकरण वेगळं, आणि त्याचा खर्च लहान उत्पादकाला टोचतो. तो आधीच किमतीत धरा.

मेमरी किती हवी?

आज लागते त्याच्या दुप्पट. कारण फर्मवेअर हवेतून बदलायचं असेल तर जुनं चालू असताना नवं कुठेतरी साठवावं लागतं. आतली फ्लॅश पुरत नसेल तर बाहेर एसपीआय फ्लॅशची जागा बोर्डावर सोडा, मग ती भरा किंवा नका भरू. मॅटर करणार असाल तर १ एमबीच्या खाली उतरू नका.

वेळेचाही अंदाज घ्या. ५१२ केबीची फाइल ६४ बाइटच्या तुकड्यांनी पाठवली तर ८१९२ तुकडे होतात. झोपाळू नोड सेकंदाला एक तुकडा उचलत असेल तर सव्वादोन तास लागतात, आणि तेवढा वेळ तो बॅटरी खातो. वर्षातून दोनदा ठीक आहे. दर आठवड्याला नवी आवृत्ती काढायची सवय असेल तर ती सोडा.

सुरक्षेसाठी चिपमध्ये काय बघू?

एईएस-१२८ हार्डवेअरमध्ये असतंच. बघायचं ते दोन गोष्टींत: सही तपासून सुरू होणारा बूटलोडर आणि बंद करता येणारा डिबग पोर्ट. एनआरएफ५२ मालिकेतला डिबग लॉक व्होल्टेजला झटका देऊन उघडता येतो हे २०२० मध्ये जाहीर झालं. नंतरच्या चिप आवृत्त्यांत सुधारणा झाली, म्हणून जुना साठा स्वस्तात मिळतोय म्हणून उचलू नका. झिगबी वापरत असाल तर सर्वांना ठाऊक असलेल्या डिफॉल्ट कीवर नोड जोडून घेऊ नका, प्रत्येक नोडला त्याचा इन्स्टॉल कोड द्या. पंप चालू-बंद करणारा नोड कुणा उचापती पोराच्या हाती लागला तर मध्यरात्री गच्चीवरून पाणी वाहील.

करंट मल्टिमीटरने मोजला तर चालेल?

झोपेतला करंट मोजायला, जपून. मायक्रोअँपच्या रेंजवर मीटरचा स्वतःचा रोध मोठा असतो. नोड पाठवायला उठला की मीटरवरच व्होल्टेज पडतं आणि चिप रिसेट होते. सरासरी तर मीटरला कळतच नाही. नॉर्डिकचं ‘पॉवर प्रोफायलर किट २’ हे करंट मोजायचं यंत्र घ्या, ते मायक्रोअँपच्या अंशापासून एक अँपिअरपर्यंत मोजतं आणि कुठल्याही कंपनीच्या चिपला चालतं. ते नसेल तर पुरवठ्याच्या वायरीत १० ओमचा रेझिस्टर आणि स्कोप.

माल कुठून घ्यावा? लॅमिंग्टन रोडवर मिळेल का?

नमुन्यांसाठी लॅमिंग्टन रोडला पर्याय नाही. ग्रँट रोड स्टेशनला उतरा आणि संध्याकाळपर्यंत डबी, कनेक्टर, सेलहोल्डर, बोर्ड सगळं घेऊन परत या. उत्पादनाच्या चिप्स मात्र अधिकृत वितरकाकडूनच, बिल आणि लॉट नंबरसह. २०२१-२२ च्या टंचाईत ज्यांनी बोर्डावर एकाच मॉड्यूलची जागा ठेवली होती त्यांचं उत्पादन अडून राहिलं. शक्य असेल तर दोन मॉड्यूल बसतील अशी पॅड्सची मांडणी करा.

इमारतीत स्मार्ट मीटर लागलेत. त्यांच्याच मेशवर आमचे सेन्सर चढवता येतील?

नाही. ते नेटवर्क वीज कंपनीचं, एन्क्रिप्शनच्या किल्ल्या त्यांच्याकडे. काही मीटर तर मोबाइल सिमवर बोलतात, तिथे मेश नसतंच.

टेबलावर सगळं चालतंय. आता बसवू का?

टेबलावर दहा नोड एकमेकांपासून हातभर अंतरावर असतात. प्रत्येकाला प्रत्येकाचं ऐकू येतं, त्यामुळे मेश एकदाही मेशसारखं वागलेलं नसतं. पॉवर उणे २० डीबीएमवर आणा, नोड खोल्याखोल्यांत पसरा, तीन-चार उड्या घ्यायला लावा आणि मग मधला एक राउटर बंद करा. नोडनी नवा पालक किती वेळात शोधला, तोवर किती बॅटरी खाल्ली, हे लिहून ठेवा. सगळेच राउटर तासभर बंद ठेवूनही बघा: चुकीचं फर्मवेअर असलेला नोड पालक शोधत सतत ओरडत राहतो आणि एका रात्रीत महिन्याची बॅटरी संपवतो. शोधण्यातलं अंतर वाढत गेलं पाहिजे, आधी काही सेकंद, मग मिनिटं, मग पंधरा मिनिटं.

त्यानंतर प्रत्यक्ष जागेवर आठवडाभर नोंदी घ्या, रविवारची रात्र त्यात हवी. सगळी घरं भरलेली असतात, सगळ्यांचे टीव्ही वायफायवर चालू असतात, पार्किंग भरलेलं असतं. लिफ्ट कोणत्या मजल्यावर थांबली आहे यानेही शाफ्टशेजारच्या नोडचा सिग्नल बदलतो. राउटर कुठे लावले त्याचा नकाशा आणि प्रत्येकाचा अनुक्रमांक सोसायटीच्या ऑफिसात एका फाइलला लावून ठेवा, कारण पुढच्या रंगकामात पेंटर त्यातला एखादा डबा काढून ठेवणार आहे.